देश नकाशावरून गेला, कचेरी चालू राहिली: बाल्टिक देशांचे अमेरिकेतले राजदूत

कृष्णाकाठ

मागे परागंदा सरकारांच्या (देश दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर परदेशातून चालणाऱ्या सरकारांच्या) चर्चेत मी एस्टोनियाचे अमेरिकेतले प्रतिनिधी एर्न्स्ट याकसन यांचं नाव घेतलं होतं, तेव्हा दोघा-तिघांनी सविस्तर लिहायला सांगितलं. हा तो धागा. एकट्या याकसनवर लिहून भागत नाही, म्हणून तिन्ही बाल्टिक देशांबद्दल लिहितो.

एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया, रशियाच्या पश्चिमेला बाल्टिक समुद्राकाठचे तीन देश. तिघांची मिळून लोकसंख्या आज साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. १९१८ साली तिघांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, रशियाशी लढून ते टिकवलं आणि २८ जुलै १९२२ रोजी अमेरिकेने तिघांनाही मान्यता दिली. त्यानंतर वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कचेऱ्या उघडल्या. कामं साधी होती: व्यापार, जहाजांची कागदपत्रं, अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांचे पासपोर्ट आणि वारसाहक्काचे तंटे. एस्टोनियाचे पहिले दूत अँटोनियस पीप हे तर मायदेशात पंतप्रधानपद भूषवून आलेले होते. लहान देशाकडे माणसं थोडी, त्यामुळे चांगली माणसं परदेशी पाठवायची आणि परत बोलावून मंत्री करायची, अशी तिथली रीत होती.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला आणि त्याच्या गुप्त कलमांनी पूर्व युरोप वाटून घेतला. जून १९४०मध्ये तिन्ही देशांत सोव्हिएत सैन्य उतरलं. जुलैच्या मध्यावर निवडणुका झाल्या, त्यात उमेदवारांची एकच यादी होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ३, ५ आणि ६ तारखेला, लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया एकामागून एक सोव्हिएत संघात 'सामील' झाले.

अमेरिकेत काय घडलं ते आता बघा, कारण पुढची पन्नास वर्षं त्यावरच उभी आहेत. १५ जुलैला, म्हणजे विलीनीकरण पुरं व्हायच्याही आधी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून या देशांचा अमेरिकेतला पैसा आणि सोनं गोठवलं. आठ दिवसांनी, २३ जुलैला, प्रभारी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी एक छोटं निवेदन प्रसिद्ध केलं. बलाढ्य शेजाऱ्याने कपटाने तीन छोट्या प्रजासत्ताकांचं स्वातंत्र्य संपवलं आहे आणि अमेरिका अशा बळजबरीला मान्यता देत नाही, असा त्याचा आशय. मसुदा लॉय हेंडरसन यांनी तयार केला होता. अख्खं निवेदन एका पानात मावतं.

मॉस्कोने तिन्ही देशांच्या दूतांना हुकूम पाठवला की कचेऱ्या सोव्हिएत वकिलातीच्या ताब्यात द्या आणि परत या. वॉशिंग्टनमधले लिथुएनियाचे पोविलास झादेइकिस आणि लाटव्हियाचे अल्फ्रेड्स बिलमानिस, न्यूयॉर्कमधले एस्टोनियाचे योहानेस काइव्ह, तिघांनीही नकार दिला. कोणाचं नागरिकत्व काढून घेतलं, कोणाला देशद्रोही ठरवलं. मागे राहिलेल्या नातेवाइकांचं काय झालं असेल याची कल्पना करावी, कारण जून १९४१मध्ये एकाच मोहिमेत तिन्ही देशांतून हजारो कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरियात पाठवली गेली.

देशांचे प्रमुखही उरले नाहीत. एस्टोनियाचे अध्यक्ष कॉन्स्टान्टिन पेट्स यांना रशियात नेलं, ते १९५६ साली तिथल्या मनोरुग्णालयात वारले. लाटव्हियाचे उल्मानिस १९४२मध्ये कैदेत असताना वारले. लिथुएनियाचे स्मेतोना निसटून अमेरिकेत पोचले आणि जानेवारी १९४४मध्ये क्लीव्हलंडमध्ये घराला लागलेल्या आगीत मरण पावले. म्हणजे राजधानी नाही, सरकार नाही, अध्यक्ष नाहीत, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत मात्र तिन्ही देशांचे प्रतिनिधी आहेत.

आता याकसन. जन्म १९०५, रीगा शहरात. १९२९ साली ते सॅन फ्रान्सिस्कोला एस्टोनियाच्या मानद वाणिज्यदूताचे सचिव म्हणून रुजू झाले. १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या कचेरीत आले. काइव्ह १९६५ साली वारले तेव्हा सगळा भार याकसनांवर आला आणि पुढची सव्वीस वर्षं अमेरिकेत 'एस्टोनिया प्रजासत्ताक' म्हणजे रॉकफेलर प्लाझामधली त्यांची कचेरी, असं समीकरण राहिलं. ते एस्टोनियाचे पासपोर्ट देत राहिले. जो देश कुठल्याही शाळेच्या नकाशावर नव्हता त्याचा पासपोर्ट! आणि तो अमेरिकेत चालत होता. दर २४ फेब्रुवारीला, एस्टोनियाच्या स्वातंत्र्यदिनी, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांकडून शुभेच्छांचा संदेश येई.

१९९१ साली देश परत आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ८६ वर्षांच्या याकसनांनी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांना एस्टोनियाचे राजदूत म्हणून अधिकारपत्र सादर केलं. १९९३मध्ये राजदूतपद तरुण माणसाकडे दिलं आणि ते पुन्हा न्यूयॉर्कचे वाणिज्यदूत झाले, १९९८ साली मृत्यू येईपर्यंत. १९२९ ते १९९८ अशी एकसंध एकोणसत्तर वर्षांची सेवा.

मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो आणि त्याचं कारण सांगतो. बंदूक घेऊन जंगलात लढलेले 'वनबंधू' तिन्ही देशांत होऊन गेले, त्यांची शौर्यगाथा आहेच. पण देशाचं कायद्यातलं अस्तित्व ज्यांनी टिकवलं ते लोक रोज सकाळी कचेरी उघडणारे, पत्रांना उत्तरं देणारे आणि हिशेब ठेवणारे होते. त्यांचं नाव कमी घेतलं जातं. एखादा मेला की त्याची जागा कोण घेणार हा प्रश्न त्यांच्यापुढे कायम असायचा, कारण नवा माणूस नेमायला सरकारच नव्हतं.

---

मंजिरी_त

फार सुंदर लेख, कृष्णाकाठदादा. पहिल्यांदाच हे सगळं वाचलं. दोन प्रश्न. पगार कोण देत होतं? भाडं, टपाल, नोकरचाकर, पन्नास वर्षं हा खर्च कसा निघाला? आणि दुसरं, या मंडळींनी मिळून परागंदा सरकार का नाही स्थापन केलं? पोलंडने लंडनमध्ये केलं होतं ना.

---

हिशेबनीस

पगाराच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे या कथेतला माझा आवडता भाग हाच आहे.

वर गोठवलेल्या पैशाचा उल्लेख आलाय. हुकूम सोव्हिएत संघाला तो पैसा मिळू नये म्हणून होता, पण खातं तर 'लाटव्हिया प्रजासत्ताक' या ग्राहकाच्या नावावर होतं आणि अमेरिकेच्या लेखी तो ग्राहक जिवंत होता. त्यामुळे परराष्ट्र खात्याच्या संमतीने वकिलातींना त्यातून खर्चापुरती रक्कम काढता येई. त्यासाठी खर्चाचा अंदाज सादर करावा लागे. म्हणजे अमेरिकेने पदरचे पैसे दिले नाहीत, ज्यांचे त्यांना दिले. हा फरक कायद्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. अमेरिकेच्या अनुदानावर चालणारी कचेरी असती तर मॉस्कोला 'हे तुमचे पगारी नोकर' असं म्हणता आलं असतं.

तिघांची शिल्लक सारखी नव्हती. लाटव्हियाची बाजू भक्कम होती, लिथुएनियाची तोकडी. १९८०च्या सुमारास लिथुएनियाचा पैसा संपत आला. तेव्हा तोडगा असा निघाला की लाटव्हियाच्या निधीतून लिथुएनियाच्या वकिलातीला कर्ज द्यायचं. दोन्ही देश त्या घडीला जगाच्या बहुतेक नकाशांवर नाहीत, आणि एकाने दुसऱ्याला दिलेल्या कर्जाची रीतसर नोंद होतेय! आमच्या धंद्यात खातेदार मेला तर वारस येतो. इथे खातेदार मेला आहे हेच बँकेने पन्नास वर्षं मान्य केलं नाही.

ब्रिटनने काय केलं तेही लिहितो, म्हणजे तुलना होईल. बँक ऑफ इंग्लंडमध्ये या देशांचं सोनं होतं. १९६७ साली ब्रिटिश सरकारने ते विकलं आणि सोव्हिएत संघाशी परस्परांच्या दाव्यांचा हिशेब मिटवायला वापरलं. स्वीडनने तर १९४० सालीच सोनं मॉस्कोच्या हवाली केलं होतं. स्वातंत्र्यानंतर दोघांनीही भरपाई दिली. एस्टोनियाने परत मिळालेल्या अकरा टनांहून जास्त सोन्याच्या आधारावर २० जून १९९२ रोजी स्वतःचं चलन, क्रून, सुरू केलं. आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा पक्का दर. रूबलच्या महागाईतून तो देश सोव्हिएत संघातून फुटलेल्या इतरांच्या आधी सुटला, त्यात या जुन्या सोन्याचा वाटा आहे. कायद्याचं सातत्य म्हणजे नुसता मानाचा विषय नव्हता.

---

कृष्णाकाठ

हिशेबनीसकाका, मनापासून आभार. कर्जाची गोष्ट मी मूळ लेखात घालायला हवी इतकी महत्त्वाची आहे.

मंजिरीताई, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एस्टोनियाचं परागंदा सरकार होतं. १९५३च्या जानेवारीत ऑस्लोमध्ये ते स्थापन झालं, ऑगस्ट राई त्याचे प्रमुख. पण त्याला एकाही देशाने मान्यता दिली नाही. अमेरिकेचं धोरण असं होतं की १९४०पूर्वी रीतसर नेमलेले प्रतिनिधी आम्ही मानू, नवं सरकार मानणार नाही. त्यामुळे ज्याला मान्यता होती त्या याकसनांच्या मागे सरकार नव्हतं, आणि जे सरकार म्हणवत होतं त्याच्याकडे मान्यता नव्हती. याकसन त्या सरकारपासून सावध अंतर ठेवून राहिले. परागंदा लोकांच्या राजकारणात ओढले गेले असते तर कचेरीचं स्थान धोक्यात आलं असतं, आणि ती एकदा यादीतून गेली असती तर परत आली नसती.

लाटव्हियाने पूर्वतयारी जास्त चांगली केली होती. १७ मे १९४० रोजी, म्हणजे सैन्य शिरायच्या महिनाभर आधी, तिथल्या मंत्रिमंडळाने लंडनचे दूत कार्लिस झारिन्श यांना विशेष अधिकार दिले: मायदेशाशी संपर्क तुटला तर परदेशातल्या मालमत्तेचे आणि वकिलातींचे सर्वाधिकार तुमच्याकडे. त्यांच्यानंतर वॉशिंग्टनचे बिलमानिस. लिथुएनियाचे परराष्ट्रमंत्री उर्बशिस यांनीही अखेरच्या दिवसांत तार करून रोमचे दूत स्तासिस लोझोराइतिस (वडील) यांना सर्व दूतांचं प्रमुख नेमलं. ही कागदपत्रं दशकानुदशकं कामी आली.

---

खडूफळा

लेख चांगला आहे, पण मला अमेरिकेबद्दलचा सूर थोडा जास्त कौतुकाचा वाटला. मान्यता न देणं अमेरिकेला स्वस्त होतं. सैनिक पाठवायचा नाही, व्यापार थांबवायचा नाही, फक्त एक निवेदन आणि तीन कचेऱ्या. १९४३ साली तेहरानच्या बैठकीत रूझवेल्टने स्टालिनला हसत सांगितलं होतं की तुमच्या फौजा परत तिथे शिरतील तेव्हा मी काही त्यावरून तुमच्याशी लढाई करणार नाही. वेल्सचं निवेदन तीन वर्षांपूर्वीचंच.

आणि सिमास कुदिरका? नोव्हेंबर १९७०मध्ये या लिथुएनियन खलाशाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ सोव्हिएत जहाजावरून अमेरिकन तटरक्षक दलाच्या 'व्हिजिलंट' जहाजावर उडी मारली. आश्रय मागितला. अमेरिकेने सोव्हिएत खलाशांना आपल्या जहाजावर येऊ दिलं आणि ते त्याला मारत, बांधून परत घेऊन गेले. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. लिथुएनिया स्वतंत्र आहे असं कागदावर मानणाऱ्या देशाच्या जहाजावर हे घडलं. तेव्हा शीतयुद्धातला एक सोयीचा मोहरा, यापलीकडे मला या धोरणात फार नैतिकता दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

खडूफळा, कुदिरकाचं प्रकरण लाजिरवाणं होतं यात शंका नाही. तेव्हा अमेरिकेतही मोठा गदारोळ झाला, चौकशी झाली, अधिकाऱ्यांना जावं लागलं. पुढे त्याची आई ब्रुकलिनमध्ये जन्मली होती हे सापडलं, त्यामुळे तो अमेरिकन नागरिक ठरला आणि १९७४ साली सुटून अमेरिकेत आला.

पण शीतयुद्धाच्या मोहऱ्याचा मुद्दा मला पटत नाही. निवेदन १९४०चं आहे, तेव्हा शीतयुद्ध नव्हतं. त्याची मुळं १९३२ सालात आहेत, जपानने मांचुरिया घेतला तेव्हा परराष्ट्रमंत्री स्टिमसन यांनी 'बळाने झालेला बदल मानणार नाही' ही भूमिका घेतली होती. आणि १९४१ ते ४५ या काळात स्टालिन मित्र होता, मॉस्को वारंवार तगादा लावत होतं की या वकिलाती बंद करा. मोहराच असता तर तेव्हा देऊन टाकणं सर्वांत सोयीचं होतं. रूझवेल्ट तेहरानला काहीही बोलले असोत, यादीतली नावं राहिली.

न्यायालयांनीही साथ दिली. १९४०मध्ये बाल्टिक देशांची कित्येक मालवाहू जहाजं अमेरिकेच्या बंदरांत होती. मॉस्कोने ती राष्ट्रीयीकृत केल्याचं सांगून मागितली. 'मारेट' या एस्टोनियन जहाजाच्या खटल्यात १९४४ साली अमेरिकन न्यायालयाने सांगितलं की आमच्या सरकारने जे राज्य मानलेलं नाही त्याच्या राष्ट्रीयीकरणाचा हुकूम आम्ही मानू शकत नाही. सोव्हिएत सेना तेव्हा जर्मनांशी लढत होती आणि अमेरिका तिला रसद पुरवत होती, त्याच वर्षी हा निकाल आहे.

लहानसहान नियमही पाळले गेले. अमेरिकन सरकारच्या नकाशांवर टीप असायची की या तीन देशांचं सोव्हिएत संघातलं विलीनीकरण अमेरिकेने मानलेलं नाही. मॉस्कोतला अमेरिकन राजदूत टॅलिन, रीगा किंवा व्हिल्निअस या तिन्ही देशांच्या राजधान्यांना अधिकृत भेटीवर जात नसे, कारण राजदूताने जाणं म्हणजे मान्यता दिल्यासारखं झालं असतं. स्वस्त असेल, पण पन्नास वर्षं न चुकता पाळलं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या: १९७४ साली व्हिटलम सरकारने विलीनीकरण मान्य केलं आणि पुढच्या वर्षी फ्रेझर सरकारने ते फिरवलं. एका निवडणुकीवर सगळं हेलपाटतं. अमेरिकेत रूझवेल्टपासून थोरल्या बुशपर्यंत दहा राष्ट्राध्यक्ष झाले, दोन्ही पक्षांचे, कुणीही ते फिरवलं नाही.

---

खडूफळा

मारेट खटल्याची माहिती नव्हती, हा मुद्दा वजनदार आहे. तरी एक राहतंच: १९९१च्या ऑगस्टमध्ये मान्यता द्यायची प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा आइसलँड सर्वांत पुढे होतं. अमेरिकेने २ सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली, तोवर कितीतरी देश मोकळे झाले होते.

---

उत्तररंग

मी नोकरीनिमित्त टॅलिनमध्ये राहते, म्हणून आइसलँडबद्दल भर घालते. इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा पत्ताच 'आइसलँड चौक, क्रमांक १' असा आहे. कृतज्ञता म्हणून चौकाला नाव दिलंय. आणि ती इमारत म्हणजे पूर्वीची कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची कचेरी.

अमेरिकेच्या २ सप्टेंबरच्या घोषणेबद्दल इथले लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात. अमेरिकेने एस्टोनियाला नव्याने मान्यता दिली नाही. १९२२ची मान्यता कधी गेलीच नव्हती, त्यामुळे फक्त राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. सोव्हिएत संघातून फुटलेल्या इतर प्रजासत्ताकांसारखा हा नवा देश नाही, जुनाच देश परत उभा राहिला, ही इथल्या राज्यव्यवस्थेची पायाभूत भूमिका आहे. ऑक्टोबर १९९२मध्ये परागंदा सरकारचे प्रमुख हाइनरिख मार्क टॅलिनला आले आणि त्यांनी आपले अधिकार नवे अध्यक्ष लेनार्ट मेरी यांच्या स्वाधीन केले, तेही याच भूमिकेतून.

मात्र याची दुसरी बाजू मला रोज दिसते आणि ती सांगितली नाही तर चित्र अपुरं राहील. जुनाच देश परत आला असं म्हटलं की नागरिकही जुनेच: १९४०पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज. सोव्हिएत काळात इथे येऊन स्थायिक झालेले रशियन भाषक आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं १९९२ साली एकदम कुठल्याच देशाची राहिली नाहीत. लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश! भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व घ्यायचं, नाहीतर 'परकीयांचा' राखाडी पासपोर्ट. पुढे बहुतेकांनी इथलं किंवा रशियाचं नागरिकत्व घेतलं आणि संख्या खूप घटली, पण माझ्या शेजारच्या आजींकडे अजून तो राखाडी पासपोर्टच आहे. याकसनांनी जे सातत्य जपलं त्याबद्दल मला आदर आहे. त्या सातत्याची किंमत कोणी मोजली तेही मला रोज जिन्यात भेटतं.

---

मंजिरी_त

उत्तररंगताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी याचा विचारच केला नव्हता.

---

सज्जनगड

हा धागा वाचताना मला पहिल्यापासून रंगो बापूजी आठवत होते, म्हणून राहवत नाही. साताऱ्याचा आहे.

इंग्रजांनी १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथेच राहिले. कंपनीच्या संचालकांपुढे, भागधारकांच्या सभांत, पार्लमेंटच्या सभासदांकडे, जिथे कान मिळेल तिथे त्यांनी बाजू मांडली. महाराज १८४७ साली काशीत वारले. १८४८ साली डलहौसीने सातारा खालसा केलं. म्हणजे ज्याने पाठवलं तो राजा गेला, मग राज्य गेलं, आणि वकील लंडनमध्ये अजून अर्ज लिहितोय. याकसनांची निष्ठा आणि यांची निष्ठा मला एकाच जातीची वाटते.

फरक कशात पडला? कंपनीने रंगो बापूजींना साताऱ्याचे वकील म्हणून कधी मानलंच नाही. आणि ज्याने राज्य गिळलं त्याच्याच दारात ते न्याय मागत होते. याकसन तिसऱ्याच्या, त्यातही गिळणाऱ्याशी बरोबरी करू शकेल अशा सत्तेच्या दारात होते. पैशाचंही तेच. लंडनमध्ये त्यांना कर्ज काढून दिवस काढावे लागले. हिशेबनीस म्हणतात तसं 'ज्याचं त्याला' देणारं खातं त्यांच्या मागे असतं तर? परत आल्यावर ते १८५७च्या उठावाच्या तयारीत उतरले. कट फुटला, त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला आणि रंगो बापूजी निसटले ते पुन्हा इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. अर्ज संपल्यावर माणूस कुठे वळतो हे त्यात आहे.

---

कृष्णाकाठ

सज्जनगड, अंगावर काटा आला. 'तिसऱ्याच्या दारात' हा फरक तुम्ही अगदी नेमका पकडलात. बाल्टिक दूतांनाही सर्वत्र दार उघडं मिळालं नाही. लंडनमध्ये ब्रिटिश सरकारने या दूतांची नावं मुख्य राजनैतिक यादीतून काढून वेगळ्या पुरवणीत टाकली. ते वारले की नाव गळायचं आणि जागा भरली जायची नाही. एस्टोनियाचे लंडनमधले दूत ऑगस्ट टोर्मा १९७१ साली वारले.

अमेरिकेतही हेच व्हायची वेळ आली होती. नियमच होता की १९४०पूर्वी परराष्ट्र सेवेत असलेलाच माणूस चालेल. लाटव्हियात बिलमानिस १९४८ला गेले, मग फेल्डमान्स, तेही १९५३ला गेले, मग आर्नोल्ड्स स्पेक्के, मग अनातोल्स डिनबर्ग्स. लिथुएनियात झादेइकिस १९५७ला वारले, मग कायेत्स्कास, मग १९७६पासून स्तासिस बाच्किस. प्रत्येक वेळी आधीच्याहून म्हातारा गट उरायचा. शेवटी अमेरिकेने तो नियम सैल केला आणि १९८७ साली लिथुएनियाची सूत्रं स्तासिस लोझोराइतिस (धाकटे) यांच्याकडे आली. ज्यांना १९४०च्या तारेने प्रमुख नेमलं होतं त्यांचे हे चिरंजीव, १९२४चा जन्म, म्हणजे देश गेला तेव्हा सोळा वर्षांचे.

धाकट्या लोझोराइतिसांचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. स्वातंत्र्यानंतर ते अमेरिकेतले राजदूत झाले आणि फेब्रुवारी १९९३मध्ये लिथुएनियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढले. समोर अल्गिर्दास ब्राझाउस्कास, पूर्वीचे कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख. लोकांनी ब्राझाउस्कास यांना मोठ्या मताधिक्याने निवडलं. ज्या कुटुंबाने दोन पिढ्या देशाची बाजू परदेशात सांभाळली त्याला देशाने मत दिलं नाही. मला यात कृतघ्नता दिसत नाही. जे लोक पन्नास वर्षं आत राहून सोसत होते त्यांना आपल्यातला, आपली सुखदुःखं माहीत असलेला माणूस हवा होता. पुढच्याच वर्षी लोझोराइतिस वॉशिंग्टनमध्ये वारले.

एस्टोनियाने उलट वाट धरली. याकसनांनंतर १९९३ साली राजदूत झाले ते तोमास हेन्ड्रिक इल्वेस: स्टॉकहोममध्ये निर्वासित घरात जन्म, न्यू जर्सीत शिक्षण. त्यासाठी त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडलं. पुढे २००६ ते २०१६ ते देशाचे अध्यक्ष होते.

---

उत्तररंग

राजदूतांच्या यादीत मरिना काल्युरांद यांचं नाव घ्यायला हवं. २००७ साली टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यावर मॉस्कोत एस्टोनियाच्या वकिलातीला जमावाने वेढा घातला आणि त्यांच्या पत्रकार परिषदेवर हल्ला झाला. तेव्हा तिथे राजदूत त्याच होत्या. त्यानंतर २०११ ते २०१४ त्या अमेरिकेत राजदूत आणि मग परराष्ट्रमंत्री. लहान देशाच्या एकाच व्यक्तीने दोन्ही महासत्तांच्या राजधान्या सांभाळल्या. त्यांचे आईवडील एस्टोनियन नाहीत, घरात रशियन बोललं जायचं, हे मी वर लिहिलेल्या मुद्द्यासाठी मुद्दाम सांगते.

---

पोटोमॅक

मी वॉशिंग्टनजवळ राहतो. यातल्या जुन्या इमारती अजून आहेत का? पुढच्या शनिवार-रविवारी पोरांना घेऊन जावं म्हणतो. आणि भारताने कधी मान्यता दिली?

---

कृष्णाकाठ

भारताने सप्टेंबर १९९१मध्ये, म्हणजे खुद्द सोव्हिएत संघाने ६ तारखेला मान्य केल्यानंतर. १७ सप्टेंबरला तिन्ही देश संयुक्त राष्ट्रसंघात आले. टॅलिनमध्ये भारताची कायमची वकिलात अलीकडेच, २०२१ साली सुरू झाली.

इमारतींचं म्हणाल तर आधी लिथुएनियाची बघा: सोळावा रस्ता, क्रमांक २६२२, वायव्य भाग. १९२४ साली विकत घेतलेली आणि आजही तिथेच वकिलात आहे. सबंध सोव्हिएत काळात ती लिथुएनियाचीच मालमत्ता होती. लाटव्हियाची जुनी वकिलात सतराव्या रस्त्यावर ४३२५ क्रमांकाला होती, आता ती मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर आली आहे. एस्टोनियाचीही त्याच रस्त्यावर, क्रमांक २१३१, पण ती १९९४ साली घेतलेली, म्हणून याकसनांच्या काळाशी तिचा संबंध नाही. त्यांची जागा पाहायची तर न्यूयॉर्कला रॉकफेलर प्लाझाला जावं लागेल. लिथुएनिया आणि एस्टोनिया दोन्ही चालत एका सकाळीत होतील, मुलं फार लहान नसतील तर.